रानात जाताना काय न्यावे? : ओझ्याचा एक छोटा इतिहास

गेल्या नोव्हेंबरात आम्ही दोघांनी सालेकसा तालुक्यात, दरेकसा आणि हाजराफॉलच्या परिसरात, तीन रात्री रानालगत मुक्काम करायचे ठरवले. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक, दोघांनीही चाळिशी ओलांडलेली, आणि दोघांनाही अलीकडे पाठीचे दुखणे जडलेले. साहजिकच निघण्यापूर्वी आठवडाभर यादी करण्याचे काम चालू होते. स्टाफरूममधल्या टेबलावर कागद पसरलेला असे आणि प्रत्येक मोकळ्या तासाला त्यात एखाद्या वस्तूची भर पडे. दोन बॅटऱ्या, जादा सेल, मच्छरदाणी, डास पळवण्याचे मलम, पावसाळी कोट, पूर्ण बाह्यांचे मातकट रंगाचे सदरे, जाड मोजे, दुर्बीण, पक्ष्यांचे पुस्तक, पॉवर बँक, फुगवायच्या उशा, थर्मास, बिस्किटे, औषधांची पेटी, आणि आमच्यापैकी एकाच्या आग्रहाखातर घडीची खुर्ची. शुक्रवारपर्यंत यादी सत्तेचाळीस वस्तूंवर गेली.

त्याच दिवशी तृतीय वर्षाचा एक विद्यार्थी अर्जावर सही घ्यायला आला. तो सालेकसा तालुक्यातल्याच एका गोंड वस्तीतला. सही होईपर्यंत त्याने टेबलावरचा कागद उलट्या बाजूने वाचला आणि अगदी सहज विचारले, "सर, एवढं सामान उचलणार कोण?"

त्याच्या स्वरात उपरोध नव्हता. दरेकसा स्थानकापासून पुढे काही अंतर पायी जावे लागते, हे त्याला ठाऊक होते आणि आम्हांला बहुधा ठाऊक नसावे, असा त्याचा समज होता. आम्ही हसून विषय टाळला. पण तो प्रश्न काही टळला नाही. रानात जाताना काय न्यावे, याची मार्गदर्शक टिपणे आजकाल हवी तेवढी मिळतात. नेलेले कोण वाहते, हे त्यांत लिहिलेले नसते. हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे. त्याचा इतिहास पूर्व विदर्भाच्या भूमीत बराच खोल गेलेला आहे, आणि आम्ही मराठी शिकवत असलो तरी इतकी वर्षे त्याकडे पाहिले नव्हते, याची थोडी लाजही या लेखनामागे आहे.

प्रारंभ ताम्रपटांपासून करावा लागतो. इसवी सनाच्या पाचव्या शतकात विदर्भावर वाकाटकांचे राज्य होते. रामटेकजवळचे नंदिवर्धन ही त्यांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेतील दुसऱ्या प्रवरसेनाचे अनेक दानपट उपलब्ध आहेत. अमरावती जिल्ह्यातील चम्मक येथील ताम्रपट प्रसिद्धच आहे, आणि शिवनी, तिरोडी, पवनी अशा ठिकाणी सापडलेले पट तर आमच्या गोंदियाच्या शेजारचेच म्हणावे लागतील. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांच्या लेखांचे जे संपादन केले, ते १९६३ साली प्रसिद्ध झाले. आमच्या विद्यार्थिदशेत आम्ही ते राजवंशाच्या कालगणनेसाठी चाळले होते. यावेळी मात्र आमचे लक्ष दानपटांच्या शेवटी येणाऱ्या सवलतींच्या यादीकडे गेले.

ब्राह्मणांना दान दिलेल्या गावाला कोणकोणत्या गोष्टींतून सूट आहे, ते या याद्यांत सांगितलेले असते. राजाचे सैनिक त्या गावात शिरणार नाहीत. गावाने बैल पुरवायचे नाहीत. फुले आणि दूध द्यायचे नाही. फिरतीवर आलेल्या अधिकाऱ्यांसाठी गवत, बसायला कातडी आणि शेकोटीला कोळसा द्यायचा नाही, असा अर्थ मिराशींसारख्या अभ्यासकांनी यातील एका पदाचा लावला आहे. आणि अखेरीस, गाव सर्व प्रकारच्या 'विष्टी'तून मुक्त आहे. विष्टी म्हणजे मोबदल्याविना करावे लागणारे श्रम. आपला 'वेठ' हा शब्द याच विष्टीपासून आलेला आहे.

सवलतीची यादी उलटी करून वाचली की दिसते ती सामानाची यादी. पंधराशे वर्षांपूर्वी एखादा राजपुरुष या मुलखातून हिंडत असेल, तेव्हा बसायला आसन, जनावराला वैरण, थंडीला कोळसा, प्यायला दूध आणि गाडीला बैल यांतले काहीही त्याला घरून न्यावे लागत नसे. ते त्या त्या गावाने आणून ठेवायचे. दान मिळालेली गावे यातून सुटली, म्हणूनच त्यांचे ताम्रपट झाले. न सुटलेल्या गावांबद्दल कुणी तांब्यावर काही कोरून ठेवले नाही.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला मराठी वाङ्मयाच्या आरंभीचा एक प्रवासी उभा आहे. तेराव्या शतकात श्रीचक्रधरांनी विदर्भ-मराठवाड्यात जे अटन केले, त्याच्या आठवणी म्हाइंभटाने 'लीळाचरित्रा'त संकलित केल्या. पंथातील एक अग्रगण्य शिष्य निळभट्ट हे भांडारेकार, म्हणजे आमच्या जुन्या भंडारा जिल्ह्याशी नाते सांगणारे. चक्रधरांनी अनुयायांना घालून दिलेला आचार येथे महत्त्वाचा आहे. ओळखीचा मुलूख सोडावा, वस्तीच्या कडेला झाडाखाली राहावे, भिक्षेवर निर्वाह करावा, संग्रह करू नये. महानुभाव भिक्षूच्या सामानाची यादी झोळीपाशी संपते. पारध्यांपासून जीव वाचवत आलेला ससा चक्रधरांच्या आश्रयाला येतो आणि ते त्याला अभय देतात, ही लीळा शाळेत पुष्कळांनी वाचलेली असेल. ती आम्ही वर्गात आजवर अहिंसेचे उदाहरण म्हणून शिकवत आलो. आता वाटते की तिच्यात निष्कांचन प्रवाशाचेही एक चित्र आहे. या माणसाला रानात कुणाकडून काही घ्यायचे नव्हते, म्हणून त्याच्यापाशी आश्रय मागता आला.

अर्थात असा प्रवासी अपवादच. पुढील काळात 'वेठ' या देशी शब्दाला फारसी 'बेगार' येऊन मिळाला आणि 'वेठबिगार' हा जोडशब्द मराठीत रूढ झाला. मराठेशाहीतील इनामांच्या सनदांत माफ केलेल्या बाबींमध्ये वेठबिगारीचा उल्लेख वारंवार येतो. वाकाटकांच्या पटांतली तीच रीत येथेही दिसते. ज्याला माफी त्याचा कागद. बाकीच्यांनी ओझे उचलायचे. इमारतीच्या कामावरच्या मजुराला आपण आजही सर्रास 'बिगारी' म्हणतो. त्याला मजुरी मिळते, शब्द मात्र बिनमजुरीच्या काळातला राहिला आहे.

१८६१ साली मध्यप्रांताची स्थापना झाली आणि या रानांत एक नवा प्रवासी आला. जिल्ह्याचा साहेब, जंगलखात्याचा अधिकारी, मोजणीदार आणि या सर्वांच्या ठायी वसणारा शिकारी. पावसाळा संपून वाटा सुकल्या की हिवाळ्यात दौरा निघे. जेम्स फोर्सिथ या अधिकाऱ्याने १८६२ साली पचमढीच्या पठारावर जे घर बांधले, त्याला त्याने 'बायसन लॉज' असे नाव दिले. ती वास्तू आज संग्रहालय म्हणून उभी आहे. मध्य भारतातील रानातल्या 'लॉज'चा इतिहास सांगायचा तर तिच्यापासूनच आरंभ करावा लागेल. फोर्सिथचे 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' १८७१ साली प्रसिद्ध झाले, आणि रॉबर्ट स्टर्नडेलचे शिवनीच्या सातपुड्यातील छावणीजीवनावरचे पुस्तक १८७७ साली. पुढे १९२३ साली जंगलखात्यातल्या डनबार ब्रँडरने मध्य भारतातील वन्य प्राण्यांवर लिहिले. ही पुस्तके आजही वाचनीय आहेत. प्राण्यांच्या निरीक्षणात त्यांच्या कर्त्यांची नजर अव्वल होती, हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

पण या निरीक्षणाच्या मागे एक चालते-फिरते घर असे. मोठ्या साहेबाच्या दौऱ्यात राहण्याचे तंबू बहुधा दुहेरी असत. एका तंबूत साहेब निजलेला असताना दुसरा रातोरात पुढच्या मुक्कामी जाई, म्हणजे सकाळी घोड्यावरून उतरताच साहेबाला तो उभारलेला मिळावा. पलंग, गाद्या, टेबलखुर्च्या, न्हाणीचे टब, चिनी मातीची भांडी, मेणबत्त्या, पुस्तकांच्या पेट्या, बंदुका, कचेरीचे दप्तर आणि खानसाम्याचा सगळा संसार त्याबरोबर हिंडे. फ्लोरा अ‍ॅनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर या दोन आंग्ल गृहिणींनी १८८८ च्या सुमारास हिंदुस्थानातल्या संसाराचे एक मार्गदर्शक पुस्तक प्रसिद्ध केले. डोंगरावर राहायला जाणाऱ्या एका कुटुंबाचे सामान त्यांनी त्यात अकरा उंटांवर वाटून दाखवले आहे. कुठल्या उंटावर कोणती पेटी, हे क्रमवार दिलेले आहे. उत्तरेकडच्या मुलखात उंट होते. सालेकशाच्या बाजूला होत्या त्या बैलबंड्या, आणि बंडी जात नसे तेथे कावड किंवा माणसाचे डोके.

हे ओझे वाहण्याची मजुरी कागदोपत्री ठरलेली असे, नाही असे नाही. पण हुकूम साहेबाकडून तहसीलदाराकडे, त्याच्याकडून मालगुजाराकडे, मालगुजाराकडून कोतवालाकडे असा उतरत येई, आणि मजुरीचे पैसे त्याच शिडीने खाली येताना वाटेत झिरपून जात. वैरण, लाकूडफाटा, दूध, अंडी आणि कोंबड्या यांच्या 'रसद'ीची हीच कथा. नोव्हेंबर-डिसेंबर हे दौऱ्याचे महिने म्हणजे भाताच्या कापणी-मळणीचेही महिने. ज्या दिवशी कापलेला भात बांधीतून खळ्यात न्यायचा, त्याच दिवशी कोतवाल दारात उभा राहत असेल, तर त्या कुटुंबाचे काय नुकसान होत असेल याची कल्पना धानाच्या पट्ट्यातील वाचकाला निराळी करून देण्याची गरज नाही.

जंगलखात्याच्या धोरणाने यात आणखी एक गाठ मारली. १८७८ च्या कायद्यानंतर राखीव रानांच्या सीमा आखल्या गेल्या. पुढे खात्याने कामाला माणसे हाताशी असावीत म्हणून रानात वनग्रामे वसवली आणि तेथे जमीन कसणाऱ्यांवर खात्याच्या कामाचे बंधन घातले. रानातले गवत आता परवान्याखेरीज तोडता येईना; मात्र साहेबाच्या घोड्यापुढे गवताचा भारा टाकावा लागे. १९३० च्या जुलैत लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला, तो गवत कापूनच. त्या कृतीमागचा संताप मिठापेक्षा लहान का नव्हता, ते या पार्श्वभूमीवर समजते.

सालेकशापुरते बोलायचे तर ओझ्याच्या या इतिहासाला रेल्वेने वेगळे वळण दिले. नागपूर-छत्तीसगड रेल्वे ही मीटरगेज वाट १८८० च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावकडे सरकली. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने ती आपल्याकडे घेऊन रुंद केली, आणि पुढे हाच कलकत्त्याकडे जाणारा हमरस्ता झाला. आमगाव, सालेकसा, दरेकसा आणि मग डोंगर पोखरून काढलेला बोगदा. ज्या खिंडीतून बंजाऱ्यांचे तांडे आणि बैलबंड्या सरकत होत्या, तिथून आगगाडी धडधडत जाऊ लागली. साहेबाचे सामान स्थानकापर्यंत विनासायास येऊ लागले, परंतु स्थानक ते मुक्काम हे अंतर पूर्वीच्याच पद्धतीने काटले जाई. आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न नेमका याच अंतराविषयी होता.

आमच्या यादीतील वस्तूंचा एकेक उगम शोधू लागलो, तेव्हा आणखी काही गमतीच्या गोष्टी हाती लागल्या. रानात मातकट कपडे घालावेत हा उपदेश आज निसर्गप्रेमाचा भाग वाटतो. 'खाकी' हा रंग मात्र लष्करातून आला. १८४६ साली पेशावरच्या बाजूला उभारलेल्या गाइड्स पथकाने तो प्रथम वापरला, आणि खाक म्हणजे धूळ हा शब्द तेवढा आपल्याकडचा. मच्छरदाणीला यादीत मानाचे स्थान मिळाले ते रोनाल्ड रॉस यांनी ऑगस्ट १८९७ मध्ये सिकंदराबादेला हिवतापाचा जंतू डासाच्या पोटात पाहिला, त्यानंतर. त्यापूर्वी रानातला ताप दूषित हवेने येतो असे समजून तंबूची जागा निवडली जात असे. गोंदिया-गडचिरोलीच्या रानपट्ट्यात हिवताप अजूनही आहे, तेव्हा मच्छरदाणी ही चैन मानता येणार नाही. ती यादीत राहिली. बॅटरीपूर्वी कंदील होता, आणि मराठी घरांत तो बहुधा कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा 'प्रभाकर' असे. घडीची खुर्ची मात्र थेट साहेबाच्या छावणीतून आमच्या यादीत येऊन बसली होती.

बेगारीचा शेवट कसा झाला, तेही थोडक्यात सांगायला हवे. १९२१ च्या मकरसंक्रांतीला कुमाऊँमधील बागेश्वर येथे जमलेल्या लोकांनी बेगारीच्या नोंदवह्या शरयू नदीत बुडवल्या आणि यापुढे साहेबाचे ओझे उचलणार नाही अशी शपथ घेतली. मध्यप्रांतात वेरिअर एल्विन यांनी गोंड-बैगांमध्ये राहून जे लिहिले, त्यात बेगारीच्या तक्रारी आहेत. डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांनी सरकारच्या वतीने आदिवासींच्या स्थितीची जी चौकशी केली, तिचा अहवाल १९४४ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यातही हा विषय आहे. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदाने मानवी व्यापार, बेगार आणि सक्तीचे श्रम यांना मनाई केली. या अनुच्छेदाच्या इंग्रजी पाठातही 'बेगार' हाच शब्द ठेवलेला आहे. घटनाकारांना त्यासाठी पुरेसा इंग्रजी शब्द सापडला नसावा, किंवा ज्यांनी ओझे वाहिले त्यांचाच शब्द ठेवावा असे वाटले असावे. काही असो, पाचव्या शतकात मोजक्या गावांना ताम्रपटावर मिळालेली सूट सर्व गावांना मिळायला विसाव्या शतकाचे मध्य उजाडावे लागले.

कायद्याने सूट मिळाली तरी सवय राहते, याचा एक पुरावा आमच्याच आयुष्यातला आहे. २००२ साली, एम.ए.चा निकाल लागल्यावर, आम्ही चौघे मित्र विदर्भातल्या एका वनविश्रामगृहात दोन रात्री राहिलो होतो. वीज नव्हती. एक वयस्क चौकीदार होता. गाडी रस्त्यालाच सोडावी लागली, तेव्हा त्याने आमची पत्र्याची ट्रंक डोक्यावर आणि वळकटी खांद्यावर घेतली. दोन्ही दिवस सकाळी अंघोळीचे पाणी त्याने तळ्यावरून कावडीने आणले. निघताना आम्ही अभ्यागतांच्या वहीत सुंदर हस्ताक्षरात अभिप्राय लिहिला. रानाची नीरव शांतता, सांबराची हाक, चांदण्यातले पाणी. आपल्या चौघांची नावे, पदव्या आणि गावे लिहिली. त्या वहीत जुन्या तारखांचे अभिप्रायही होते. त्यांत पाहिलेल्या प्राण्यांची संख्या होती, जेवणाची स्तुती होती. पाणी आणणाऱ्याचे नाव मागच्या एकाही पानावर आम्हांला दिसले नव्हते, आणि आमच्याही पानावर ते नाही. आम्ही त्याला नाव विचारलेच नव्हते. 'बाबा' म्हटले की काम भागत होते.

येथे मराठी अरण्यलेखनाकडे वळले पाहिजे, कारण त्याने हा दोष काही अंशी भरून काढला आहे. व्यंकटेश माडगूळकरांचे 'नागझिरा' आमच्या पिढीतल्या अनेकांनी रानाकडे जाण्यापूर्वी वाचले. गोंदिया-भंडाऱ्याचे रान मराठी वाचकाच्या मनात रुजवण्याचे मोठे श्रेय त्या छोट्या पुस्तकाचे. शिकारीच्या पुस्तकांतली छावणी तेथे गळून पडलेली आहे. एक माणूस आणि त्याची नजर एवढेच उरते. किरण पुरंदरे यांनी त्याच रानात चारशे दिवस काढून 'सखा नागझिरा' लिहिले. इतका दीर्घ मुक्काम म्हटला की पाहुणेपणाचा सगळा सरंजाम आपोआप कुचकामी ठरतो.

आणि मारुती चितमपल्ली. सोलापुरात १९३२ साली जन्मलेले आणि १८ जून २०२५ रोजी तेथेच निवर्तलेले चितमपल्ली वनखात्याच्या नोकरीत नवेगाव बांधला आले. म्हणजे अधिकारपरंपरेने ते साहेबाच्या खुर्चीचे वारस. तरीही त्यांच्या लेखनात माधवराव पाटील डोंगरवार येतात ते गुरुस्थानी. पक्ष्यांची, झाडांची, माशांची स्थानिक नावे आणि त्यामागचे ज्ञान ज्यांच्याकडून मिळाले, त्यांची माणसे म्हणून ओळख ते करून देतात. साहेबांच्या पुस्तकांत गोंड दिसतो तो मुख्यतः माग काढणारा, हाका घालणारा आणि ओझे वाहणारा. चितमपल्लींच्या पानांवर रानातला माणूस सांगणारा होतो आणि अधिकारी वही घेऊन ऐकणारा. २००६ साली सोलापूरच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, त्याचे मोल आम्हांला या अदलाबदलीसाठी अधिक वाटते.

सालेकसा तालुक्यात मात्र आणखी एक प्रवासी आहे आणि तो या सर्वांहून जुना असावा. दरेकशापासून जवळ, धनेगावच्या पुढे, कचारगडच्या प्रचंड नैसर्गिक गुहा आहेत. गोंड समाजाच्या कोया पुनेम धर्माचे हे श्रद्धास्थान. गुहेत कोंडल्या गेलेल्या मुलांना पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी मुक्त केले, अशी कथा येथे सांगितली जाते. डॉ. मोतीरावण कंगाली यांच्यासारख्या अभ्यासकांनी ही परंपरा लेखनात आणली. माघ पौर्णिमेला येथे यात्रा भरते. महाराष्ट्र, छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणा अशा दूरदूरच्या मुलखांतून लोक येतात. दरेकसा स्थानकावर गाडी रिकामी होते आणि पिवळे फेटे-दुपट्टे घातलेली माणसे झेंडे घेऊन डोंगराकडे चालू लागतात.

एका माघात आम्ही ती वाट पाहिली आहे. एका कुटुंबाकडे होते ते एवढेच. एक गाठोडे, त्यात तांदूळ, डाळ, मीठ-मिरची, एक पातेले, एक सतरंजी, पाण्याचा एक डबा आणि आजीची काठी. ज्याच्या वयाला जेवढे झेपते तेवढे त्याच्याकडे, अगदी सहा-सात वर्षांच्या पोरीच्या डोक्यावरही एक लहान पिशवी. मुक्काम झाडाखाली, चूल तीन दगडांची. यांचा त्याग महानुभावांसारखा ठरवून केलेला नाही, आणि गरिबीचे आम्हांला कौतुकही करायचे नाही. परवडते तर यांतल्या कित्येकांनी गाडी केली असती. तरीही रानात जाताना काय न्यावे याचे एक उत्तर त्या वाटेवर रांगेने चालत होते. स्वतःला नेता येईल तेवढे.

मध्यंतरीची काही दशके या परिसराचे नाव वर्तमानपत्रांत येई ते नक्षलवादी हिंसाचाराच्या बातम्यांतून. बाहेरचा माणूस मुक्कामाला सहसा येत नसे. आता हाजराफॉलला पर्यटक येऊ लागले आहेत, आणि धबधब्यावरच्या सोयींच्या व्यवस्थेत गावकऱ्यांच्या वनव्यवस्थापन समितीचा हात आहे, ही समाधानाची गोष्ट. येणाऱ्याच्या सामानाबरोबर प्लास्टिकचा कचराही येतो, आणि परत जाताना तो बहुधा मागे राहतो. तो उचलायलाही कुणीतरी वाकावेच लागते. ओझ्याचे हे नवे रूप कुठल्या सनदेत येणार, ते पाहायचे.

असो. आम्ही यादी फाडली नाही. तिची काटछाट केली. विद्यार्थ्याला पुन्हा बोलावले आणि लाल पेन त्याच्याच हाती दिले. तो आधी संकोचला. मग खुर्चीवर काट मारून म्हणाला, "सर, बसायला खडक आहेत." उशा गेल्या, थर्मास गेला, बिस्किटांचे पुडे निम्मे झाले. दुर्बीण एकच पुरेल, असे त्याचे मत पडले. मच्छरदाणी, औषधे, बॅटरी आणि पांघरूण यांना त्याने हात लावला नाही. उलट नोव्हेंबरातली पहाट थंड असते म्हणून एक कानटोपी त्याने स्वतःहून वाढवली, आणि कचरा परत आणायला एक रिकामी पिशवी. सत्तेचाळीसच्या एकोणीस वस्तू राहिल्या. प्रत्येकाची एक पाठपिशवी झाली.

दरेकशाला उतरल्यावर ती पाठीवर घेतली. पहिला कोस बरा गेला. दुसऱ्यात पाठ बोलू लागली, आणि एका वळणावर आमच्यापैकी एकाने पिशवी खाली टेकवलीच. मागून सायकलवरून आलेल्या एका तरुणाने ती मागे बांधून देऊ का, असे विचारले. आम्ही आधी नको म्हणालो, मग हो म्हणालो. पैसे किती, तेही तेथेच ठरवले. आदर्श प्रवासी काही आम्हांला होता आले नाही.

तीन दिवस ज्यांनी स्वयंपाक केला, ज्यांनी पाणी भरले, ज्यांनी वाट दाखवली आणि ज्याने सायकलवर पिशवी नेली, त्या साऱ्यांची नावे मात्र यावेळी विचारून घेतली. ती आमच्या वहीत पहिल्या पानावर आहेत. येथे देत नाही, कारण छापण्याची परवानगी त्यांच्याकडे मागितलेली नाही. २००२ सालच्या त्या वयस्क चौकीदाराच्या नावासाठी आम्ही त्याच पानावर एक ओळ कोरी ठेवली आहे.